वॉर्डातून कौन्सिलात : बद्रुद्दीन तय्यबजी

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात बोरगाव (मेघे) येथे पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेले भाषण)



कोणत्या तरी पुरोगामी लोकप्रतिनिधीच्या जीवनावर बोला, असा निरोप चिटणीस साहेबांनी मला धाडला आणि वर अशीही अट घातली की, मुलांना समजेल असे बोला. ही अट अवघड आहे. आमच्या मुलांची समजूत अशी झाली आहे की, पुढारी म्हणजे मोटारींच्या ताफ्यातून उतरणारा आणि हार घालून घेणारा माणूस. तो मुंबईत किंवा दिल्लीत तयार होतो आणि निवडणुकीच्या सुमारास आपल्याकडे येतो. गटार कुठे तुंबले, नळाला पाणी किती वाजता येते, शाळेच्या छपराची कौले कोणी बदलायची, हे प्रश्न त्याचे नव्हेत असे मुलांना वाटते. मोठ्यांनाही वाटते, पण ते बोलून दाखवत नाहीत.

म्हणून मी आज अशा माणसाची निवड केली की, ज्याने आपल्या सार्वजनिक आयुष्याचा पहिला धडा शहराच्या पाण्यापासून आणि कराच्या पावतीपासून गिरवला. पुढे तो कायदे कौन्सिलात गेला, काँग्रेसचा अध्यक्ष झाला, हायकोर्टाचा न्यायमूर्ती झाला. त्याचे नाव बद्रुद्दीन तय्यबजी. हे नाव आपण शाळेच्या इतिहासात एका ओळीत वाचतो, 'काँग्रेसचे पहिले मुसलमान अध्यक्ष', आणि पान उलटतो. त्या एका ओळीच्या मागे जी चाळीस वर्षांची मेहनत आहे, ती मला आज तुमच्यापुढे ठेवायची आहे.

बद्रुद्दीन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी झाला. वडील मुल्ला तय्यब अली, मूळ खंबायतचे घराणे, सुलेमानी बोहरा जमातीचे, मुंबईत व्यापार करणारे. हे वडील मला मुलापेक्षा कमी मोठे वाटत नाहीत. ज्या काळात समुद्र ओलांडून मुलाला शिकायला पाठवणे ही बहुतेक व्यापाऱ्यांना पैशाची आणि धर्माची दुहेरी हानी वाटे, त्या काळात त्यांनी आपली मुले विलायतेला पाठवली. आणखी एक गोष्ट त्यांनी केली. घरात बोलली जाणारी भाषा गुजराती होती. आपली मुले केवळ जमातीच्या कोशात राहू नयेत म्हणून या घराण्याने उर्दू ही घरातली भाषा केली. पुढे या कुटुंबात एक सुरेख रिवाज पडला. घरात एक वही असे. तिला ते 'अखबार की किताब' म्हणत. घरातील लहानथोर, बायका-मुलीसुद्धा, त्या दिवशी जे घडले, जे वाचले, जे मनात आले ते त्या वहीत लिहीत आणि इतर सर्व जण ते वाचत. आपल्या घरात अशी वही ठेवायला दोन-चार आण्यांची नाही तरी वीस-पंचवीस रुपयांची गरज लागेल. मुलींनी लिहिलेले वडील वाचतात आणि वडिलांनी लिहिलेले मुली वाचतात, हे ज्या घरात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी घडत होते, त्या घरातून काय निघाले ते पुढे सांगतो.

बद्रुद्दीन आधी दादा मखरा यांच्या मदरशात उर्दू-फारसी शिकले आणि मग एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये गेले. डोळे अधू होते. उपचारासाठी त्यांना फ्रान्सला नेले गेले. नंतर १८६० साली ते इंग्लंडला शिकायला गेले. डोळ्यांनी पुन्हा दगा दिला, १८६४ मध्ये शिक्षण अर्धवट सोडून परत यावे लागले. पुढच्या वर्षी ते पुन्हा गेले आणि १८६७ साली बॅरिस्टर होऊन परतले. मुंबई हायकोर्टात वकिली करणारे ते पहिले हिंदी बॅरिस्टर होत. बंधू कमरुद्दीन यांनी त्याआधीच सॉलिसिटर होण्याचा पहिला मान मिळवला होता. विद्यार्थी मित्रांनो, ज्यांना चष्म्याचा नंबर वाढला म्हणून अभ्यास सोडावासा वाटतो, त्यांनी हे १८६४ साल लक्षात ठेवावे. मात्र हेही खरे की, त्यांच्या वडिलांजवळ पैसा होता. पैशावाचून अशी दुसरी संधी आमच्या मुलांना मिळत नाही, आणि म्हणूनच शिष्यवृत्तीचा फंड भरण्यासाठी आपल्या संस्थेला दरवर्षी दारोदार जावे लागते.

आता मुख्य भागाकडे येतो.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात मुंबईला कापसाचा अलोट पैसा मिळाला. आपल्या वर्धा-हिंगणघाटकडच्या कापसाचा भावही त्या लाटेत चढला होता. मग युद्ध संपले, भाव कोसळले आणि मुंबईतील पेढ्या बुडाल्या. शहराचा कारभार तेव्हा सरकारने नेमलेले 'जस्टिस ऑफ द पीस' आणि एक कमिशनर यांच्या हाती होता. कमिशनर होते आर्थर क्रॉफर्ड. माणूस तडफदार. रस्ते केले, गटारे केली, मोठी मंडई बांधली. ती मंडई आज महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने ओळखली जाते. पण खर्चाला धरबंध राहिला नाही. कर वाढले, हिशेब कोणालाच समजेना, आणि १८७१ मध्ये करदात्यांचा मोठा गवगवा झाला. त्या गदारोळात बहुतेक लोक क्रॉफर्डला शिव्या देत होते. थोड्या तरुणांनी वेगळा मुद्दा मांडला. फिरोजशहा मेहता त्यांत पुढे होते. दोष एका माणसाचा नसून पद्धतीचा आहे, कर देणाऱ्यांना आपले प्रतिनिधी निवडता आले पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे होते.

१८७२ च्या कायद्याने ही मागणी अर्धीमुर्धी मान्य झाली. चौसष्ट सभासदांची कॉर्पोरेशन ठरली. त्यांपैकी निम्मे, म्हणजे बत्तीस, करदात्यांनी निवडायचे, सोळा जस्टिसांनी आणि सोळा सरकारने नेमायचे. मत मात्र सर्वांना नव्हते. वर्षाला निदान पन्नास रुपये पालिकेचा कर भरणाऱ्यालाच मत होते. त्या काळचे पन्नास रुपये म्हणजे गिरणी कामगाराचे कित्येक महिन्यांचे वेतन. म्हणजे शहराची फार मोठी रयत मताच्या बाहेरच राहिली. तरीही राज्यकर्त्याने नेमलेला माणूस आणि शेजाऱ्यांनी निवडलेला माणूस यांतला फरक या देशाने पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर पाहिला तो मुंबईत. १८७३ साली नव्या कॉर्पोरेशनचे काम सुरू झाले आणि बद्रुद्दीन तय्यबजी तिचे सभासद झाले. पुढे सुमारे दहा वर्षे ते तेथे होते.

पालिकेच्या सभागृहात काय होते? भाषणे थोडी आणि कागद फार. पाण्याच्या नळाचा ठेका, गटाराचा उतार, झाडूवाल्यांचा पगार, शाळेचे अनुदान. विहारचे पाणी शहराला पुरेना म्हणून तुळशी तलावाचे काम याच दशकात झाले आणि १८७९ मध्ये ते पाणी आले. ज्याला अंदाजपत्रकातील आकडा वाचता येत नाही, त्याचे तेथे काही चालत नाही. बॅरिस्टर माणसाला हायकोर्टात अशिलाची फी मिळते, पालिकेत काही मिळत नाही. तरीही हा माणूस तेथे बसला. आणि लक्षात घ्या, तेथे ते मुसलमानांचे सभासद म्हणून बसलेले नव्हते. पारशी, हिंदू, मुसलमान, युरोपियन सगळे एकाच नळाचे पाणी पीत होते. पटकीची साथ आली की ती कोणाची जात विचारत नव्हती. शेजाऱ्याच्या प्रश्नावर बोलण्याचा हक्क आपल्याला आहे आणि आपल्या प्रश्नावर शेजाऱ्याला बोलू देण्यात आपले काही जात नाही, ही सवय त्यांना पालिकेने लावली असे माझे मत आहे.

येथे थोडे बाजूला जाऊन एक गोष्ट सांगतो. त्याच काळात पुण्याच्या नगरपालिकेत आणखी एक सभासद बसत होते, जोतिराव फुले. १८७६ पासून काही वर्षे ते तेथे होते. सरकारने १८८२ साली शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर कमिशन नेमले. त्याच्यापुढे जोतिरावांनी निवेदन दिले आणि बद्रुद्दीन यांनीही साक्ष दिली. जोतिराव म्हणाले, शेतकऱ्याच्या करातून पैसा येतो आणि वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर तो खर्च होतो. खेड्यातील मुलाला प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. बद्रुद्दीन यांनी मुसलमान मुले सरकारी शाळेत का येत नाहीत याची कारणे मांडली. गतवैभवाचा अभिमान, अरबी-फारसी विद्येचे प्रेम, नव्या शिक्षणाविषयीची भीती, शाळेतील भाषेची अडचण. त्यांनी सरकारला मदत मागितली, पण आपल्या समाजाच्या दोषांवरही पांघरूण घातले नाही. एक माळी समाजातला, एक बोहरा. एक पुण्याचा, एक मुंबईचा. दोघांनाही शिक्षणाचा प्रश्न कळला तो पालिकेत बसून शहर पाहिल्यावर. या दोघांची नावे आपण एका दमात घेत नाही. घ्यायला हरकत नाही.

पालिकेत गेल्यानंतर वर्षभरातच, १८७४ मध्ये, त्यांनी अंजुमन-ए-इस्लाम ही संस्था स्थापन करण्यात पुढाकार घेतला. बंधू कमरुद्दीन अध्यक्ष झाले, बद्रुद्दीन चिटणीस. नाखुदा मोहम्मद अली रोगे आणि मुन्शी गुलाम मोहम्मद यांचाही हात होता. रोगे कोकणी, तय्यबजी बोहरा. मुंबईत त्या वेळी कोकणी, मेमन, खोजे, बोहरे, इराणी असे मुसलमानांचे अनेक तुकडे होते. लग्ने वेगळी, पंचायती वेगळ्या, दफनभूमी वेगळ्या. या सर्वांना एका खोलीत एका जाजमावर बसवणे हेच मोठे काम होते. शाळा निघायला सहा वर्षे लागली. १८८० मध्ये बाबुला टँक भागात शाळा उघडली, तेव्हा शिक्षक तीन आणि विद्यार्थी सुमारे सव्वाशे. आपल्या संस्थेचे काम दोन वर्षांत का दिसत नाही म्हणून सभेत आवाज चढवणाऱ्या बांधवांना मी ही सहा वर्षे नम्रपणे आठवण करून देतो. पुढे सरकारकडून जागा मिळाली. ३१ मार्च १८९० रोजी गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली आणि १८९३ मध्ये इमारत खुली झाली. मुंबईला रेल्वेच्या मोठ्या स्टेशनावर उतरलात, ज्याला आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतात, तर समोर ती इमारत दिसते. मुलांना घेऊन गेलात तर गेट वे ऑफ इंडिया दाखवता, ही इमारतही दाखवा.

अंजुमनच्या त्याच १८७४ साली आपल्या वर्धेला नगरपालिका स्थापन झाली, ही गोष्ट मला नेहमी गमतीची वाटते. तेव्हा वर्धा गाव जेमतेम आठ वर्षांचे होते. पालकवाडी नावाच्या लहान वस्तीच्या जागी १८६६ मध्ये ते वसवले गेले. बोरगाव तेव्हा शेतीचे खेडे. मुंबईत जे चालले होते त्याचा आपल्या या मुलखाशी काही संबंध होता काय? होता. तो १८८२ नंतर आला.

१८८२ साली मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी बद्रुद्दीन यांची मुंबईच्या कायदे कौन्सिलावर नेमणूक केली. हे कौन्सिल म्हणजे आजची विधानसभा नव्हे. १८६१ च्या कायद्याने त्याला फार थोडे अधिकार दिले होते. सभासद निवडलेले नसत, नेमलेले असत. सरकारला प्रश्न विचारता येत नसे, अंदाजपत्रकावर चर्चा नसे. सरकारने विधेयक आणायचे आणि सभासदांनी त्यावर बोलायचे, एवढेच. अशा जागी गेलेले अनेक प्रतिष्ठित गृहस्थ पोशाख करून जात आणि मान हलवून परत येत. बद्रुद्दीन यांना मान हलवण्याची सवय नव्हती. पालिकेत दहा वर्षे कलमे वाचलेला माणूस विधेयकाचे कलमही तसेच वाचतो.

त्याच वर्षी मे महिन्यात व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा ठराव प्रसिद्ध केला. कारभार लगेच सुधारेल म्हणून हा बदल करावयाचा नाही, लोकांना राजकारणाचे शिक्षण मिळावे म्हणून करावयाचा आहे, असा त्याचा आशय होता. या ठरावाला अनुसरून मुंबई इलाख्यासाठी १८८४ साली जिल्हा नगरपालिकांचा आणि लोकल बोर्डांचा असे दोन कायदे झाले. तालुक्याला बोर्ड, जिल्ह्याला बोर्ड, आणि त्यांत लोकांनी निवडलेल्या माणसांना जागा. ही विधेयके कौन्सिलापुढे होती त्या काळात बद्रुद्दीन तेथे सभासद होते. जे त्यांनी मुंबई शहरात अनुभवले होते, ते आता खानदेश-साताऱ्याच्या तालुक्याला मिळत होते. आपण तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हतो, मध्य प्रांतात होतो. त्याच ठरावामुळे मध्य प्रांताचा स्थानिक स्वराज्याचा कायदा १८८३ मध्ये झाला आणि आपल्याकडेही लोकल बोर्डे आणि डिस्ट्रिक्ट कौन्सिल आले. त्या झाडाला पुढे अनेक कलमे झाली. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. ज्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तुमच्यापैकी बरेच जण शिकलात, तिचे मूळ तिथपर्यंत जाते.

आणि येथे मला पालकांशी थोडे स्पष्ट बोलू द्या. बद्रुद्दीन यांच्या काळी पन्नास रुपये कर भरणाऱ्याला मत होते, आज अठरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यातील तीन चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत आणि निम्म्या सभासद स्त्रिया असल्या पाहिजेत. शाळेचा विकास आराखडा ती करते, मिळालेले अनुदान कसे खर्च झाले ते ती पाहते. या समितीत आमच्या मोहल्ल्यातील माता किती आहेत? ज्या आहेत त्यांपैकी किती जणी सभेला जातात, आणि किती जणींची सही नवरा किंवा मुलगा घरी वही आणून घेतो? ग्रामसभा २६ जानेवारीला, १ मे रोजी, १५ ऑगस्टला होते. तेथे आम्ही किती जण जातो? मग वर्षभर आम्ही चहाच्या टपरीवर म्हणतो की, आमचे कोणी ऐकत नाही. ऐकणाऱ्याने दरवाजा उघडा ठेवला आहे की नाही हे पाहायला निदान दरवाजापर्यंत जावे लागते. काही ठिकाणी तो खरोखरच बंद असतो, हेही मला माहीत आहे. मतदार यादीतून नाव गळते, दाखल्यासाठी चार खेपा माराव्या लागतात, अर्जाची पोच मिळत नाही. त्यावर उपायही पुन्हा कागदच आहे. यादी प्रसिद्ध होते तेव्हा ती वाचणारा आपला एक मुलगा, एक मुलगी प्रत्येक गल्लीत असली पाहिजे.

असो. पुन्हा बद्रुद्दीन यांच्याकडे वळू.

१८८३ मध्ये इलबर्ट बिलाचा वाद पेटला. हिंदी न्यायाधीशाला युरोपियन आरोपीचा खटला चालवता यावा एवढीच त्या बिलाची मूळ मागणी होती, पण गोऱ्यांनी आकाशपाताळ एक केले. मुंबईच्या टाउन हॉलमधील सभेत मेहता, काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि तय्यबजी बोलले. एक पारशी, एक हिंदू, एक मुसलमान. या तिघांची जोडी मुंबईच्या सार्वजनिक जीवनात पुढे गाजली. १८८५ मध्ये बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन निघाली. तिच्यातही हे तिघे होते. १८८६ मध्ये प्रकृतीमुळे त्यांनी कौन्सिल सोडले.

डिसेंबर १८८७ मध्ये मद्रासला काँग्रेसचे तिसरे अधिवेशन भरले आणि बद्रुद्दीन त्याचे अध्यक्ष झाले. सर्वांच्या सामायिक हिताच्या कामात मुसलमानांनी इतर देशबांधवांच्या खांद्याला खांदा लावून का उभे राहू नये, असे त्यांनी त्या व्यासपीठावरून विचारले. नेमक्या त्याच दिवसांत, २८ डिसेंबरला, लखनौला सर सय्यद अहमद खान यांनी मुसलमानांनी काँग्रेसपासून दूर राहावे असे भाषण केले. पुढच्या वर्षी दोघांत पत्रव्यवहार झाला.

या ठिकाणी अनेक वक्ते एकाला नायक आणि दुसऱ्याला खलनायक ठरवून मोकळे होतात. मला ते पटत नाही. सर सय्यद यांनी १८७५ मध्ये अलीगढला शाळा काढली, तिचे ऋण आपण सर्व मानतो. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातील मुसलमानांची जी वाताहत झाली, ती त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. सरकारची गैरमर्जी पुन्हा ओढवू नये, आधी शिकून घ्यावे, ही त्यांची भीती खोटी नव्हती. निवडणुकीत संख्येने कमी असलेल्यांचे काय होणार, हा त्यांचा प्रश्नही खोटा नव्हता. बद्रुद्दीन यांचा अनुभव वेगळा होता. त्यांनी मुंबईच्या कॉर्पोरेशनमध्ये दहा वर्षे पाहिले होते की, काम एकत्र केले तर कोणाचा धर्म बुडत नाही. ज्याच्या हाती पालिकेचा अनुभव होता त्याला निवडणुकीची भीती कमी वाटली, असे मी म्हणतो. तरीही त्यांनी समाजाची चिंता उडवून लावली नाही. मुसलमान किंवा हिंदू प्रतिनिधी जवळजवळ एकमताने ज्या विषयाला हरकत घेतील तो विषय काँग्रेसने चर्चेला घेऊ नये, हे तत्त्व त्यांनी आग्रहाने मांडले आणि १८८८ च्या अलाहाबाद अधिवेशनात तसा ठराव झाला. एवढेच नव्हे, मुसलमान समाजात फूट वाढत आहे हे पाहून त्यांनी ह्यूम साहेबांना पत्र लिहिले की, काँग्रेस निदान पाच वर्षे तहकूब ठेवावी. ही सूचना कोणी मानली नाही आणि ते योग्यच झाले, कारण पाच वर्षे बंद ठेवलेली संस्था पुन्हा उघडत नाही. पण आपल्या बाजूच्या लोकांना न आवडणारी गोष्ट लेखी कळवण्याचे धैर्य त्यांच्यात होते.

१८९५ मध्ये ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि राजकारणातून बाजूला झाले. महाराष्ट्राला त्यांची खरी ओळख पटली ती दोन वर्षांनी. १८९७ च्या जुलैत लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली. खालच्या कोर्टात जामीन नाकारला गेला, हायकोर्टातही पहिल्यांदा नाकारला गेला. त्या खंडपीठावर न्यायमूर्ती रानडे होते. खटला हायकोर्टाकडे पाठवला गेल्यावर पुन्हा अर्ज झाला, तो न्यायमूर्ती तय्यबजी यांच्यापुढे आला आणि त्यांनी टिळकांना जामिनावर सोडले. आरोपीला बचावाची तयारी करता आली पाहिजे, हे साधे तत्त्व. तो अर्ज चालवणारे बॅरिस्टर होते दिनशा दावर. पुढे हेच दावर न्यायमूर्ती झाले आणि १९०८ मध्ये त्यांनीच टिळकांना सहा वर्षांची शिक्षा दिली. इतिहास अशा खोड्या करतो. सरकारचा पगार घेणाऱ्या एका मुसलमान न्यायाधीशाने सरकारच्या सर्वांत नावडत्या हिंदू पुढाऱ्याला कायद्याप्रमाणे जे मिळायला हवे ते दिले, ही गोष्ट आपल्या मुलांना आणि शेजारच्या मुलांनाही ठाऊक असावी.

आता शेवटचा विषय, मुलींचा. बद्रुद्दीन यांनी आपल्या मुलींना शाळेत घातले. मुसलमान घरातील मुलगी शाळेत जाणे म्हणजे तेव्हा जमातीत कुजबुज. ती त्यांनी सोसली. १९०३ मध्ये मुस्लिम शैक्षणिक परिषदेचे अधिवेशन मुंबईला भरले, त्याचे ते अध्यक्ष होते. त्या खुर्चीवरून त्यांनी स्त्रीशिक्षणाची बाजू मांडली आणि सांगितले की, हिंदुस्थानात पडदा ज्या कडकपणाने पाळला जातो तेवढा तो कुराणशरीफाने सांगितलेला नाही. समोर बसलेल्यांत ही गोष्ट न आवडणारे पुष्कळ होते. टाळ्यांसाठी बोलणारा माणूस अशा सभेत हा विषय काढत नाही. आणि ते नुसते बोलले नाहीत. पुढच्याच वर्षी आपल्या दोन मुलींना त्यांनी इंग्लंडला शाळेत पाठवले.

आमच्याकडे दहावीच्या निकालाच्या दिवशी मुलींची नावे वर असतात. मुलांपेक्षा त्यांचे गुण जास्त असतात. मी कित्येक वर्षे हे पाहतो आहे. मग जून-जुलै येतो आणि त्यांतल्या काही मुली कॉलेजच्या यादीत सापडत नाहीत. कॉलेज वर्धेला आहे. बोरगावहून वर्धा म्हणजे सायकलचे अंतर. मद्रास नाही, लंडन नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात याच वर्धेत महात्मा गांधींनी शिक्षण परिषद भरवली आणि नव्या शिक्षणाचा आराखडा करण्यासाठी जी समिती नेमली तिचे अध्यक्षपद डॉ. झाकिर हुसेन यांना दिले. साऱ्या देशाच्या मुलांनी काय शिकावे हे ठरवण्याचे काम एका मुसलमान शिक्षकाकडे सोपवले गेले ते आपल्या गावाच्या वेशीवर. त्या वर्धेला आपली मुलगी सायकलवर जाऊ शकत नाही, असे कारण मला कोणी सांगितले तर मी काय म्हणावे? बसभाड्याची अडचण असेल तर संस्थेकडे या, त्यासाठीच फंड आहे. लग्न ठरले असेल तर नवऱ्याकडच्यांशी परीक्षेपर्यंतचे बोलून घ्या. बोलून पाहिले तर पुष्कळ लोक ऐकतात.

बद्रुद्दीन तय्यबजी १९ ऑगस्ट १९०६ रोजी लंडनमध्ये हृदयविकाराने वारले. १ ऑक्टोबरला मुसलमान पुढाऱ्यांचे शिष्टमंडळ सिमल्याला व्हाइसरॉयला भेटले, डिसेंबरात मुस्लिम लीग स्थापन झाली आणि १९०९ मध्ये स्वतंत्र मतदारसंघ आले. ते असते तर काय म्हणाले असते, यावर विद्वानांनी वाद घालावा. मुंबईत त्यांनी काढलेली शाळा त्या सर्व वर्षांत रोज सकाळी भरत होती आणि आजही भरते.